आभाळातला जागल्या

प्रवासाचे फोटो छापून आणून आल्बममध्ये चिकटवण्याची माझी सवय घरात सर्वांच्या थट्टेचा विषय आहे. 'मराठीच्या प्राध्यापिकेला कागदाशिवाय चैन पडायची नाही,' असे आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे! त्या आल्बममधल्या एका फोटोपासूनच मला हा लेख सुरू करायचा आहे.

फोटो २०२३ च्या मे महिन्यातला, उत्तर सिक्कीममधल्या चुंगथांग गावचा. गंगटोकहून निघालेली आमची गाडी दुपारी तिथे चहासाठी थांबली होती. चुंगथांगला दोन नद्या भेटतात. एक येते लाचेनकडून, दुसरी लाचुंगकडून. त्या एकत्र झाल्या की पुढे तिस्ता म्हणायचे. फोटोत आमची लेक हातात मोमोची बशी घेऊन उभी आहे. मागे धरणाने अडवलेले हिरवट, संथ पाणी आहे. आणि अगदी कडेला, फोटोत यावे की न यावे अशा संकोचात, आमचा गाडीवान उभा आहे. पंचविशीतला पोरगा. मला 'दीदी' म्हणायचा आणि प्रत्येक वळणावर नदीचे, डोंगराचे नाव सांगायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्याने आम्हाला लाचेनहून गुरुडोंगमार सरोवराकडे नेले. सतरा हजार फुटांवरची ती हवा. चार पावले चालले की धाप लागत होती. निळे पाणी, पलीकडे बर्फाचे सुळके. लेकीने विचारले, "इथे अशी आणखी तळी आहेत का?" तो पश्चिमेकडच्या डोंगरांकडे हात करून म्हणाला, "पुष्कळ आहेत. पण तिकडे रस्ता नाही. कोणी जात नाही."

कोणी जात नाही, हे त्याचे शब्द माझ्या लक्षात राहिले. कारण पाच महिन्यांनी त्याच दिशेच्या एका तळ्याचे नाव साऱ्या देशाला कळले.

आईचे पानशेत

४ ऑक्टोबर २०२३ ची सकाळ. दूरचित्रवाणीवर बातमी चालू होती. दक्षिण ल्होनाक नावाचे हिमनदीचे तळे रात्री फुटले. पाण्याचा लोंढा साठ-पासष्ट किलोमीटर खाली चुंगथांगला आला आणि तिथले तिस्ता प्रकल्पाचे धरण मध्यरात्रीच्या सुमारास वाहून गेले. साठ मीटर उंचीचे धरण, १२०० मेगावॉटचा प्रकल्प. २०१७ साली वीज द्यायला लागलेला. सारे काही मिनिटांत गेले. खाली बारदांगला लष्कराच्या गाड्या चिखलात गाडल्या गेल्या, जवान बेपत्ता झाले. चुंगथांग, सिंगताम, रंगपो, जी नावे आम्ही मे महिन्यात गाडीच्या खिडकीतून पाट्यांवर वाचली होती, ती पडद्यावर एकामागून एक येत होती.

मी गाडीवानाचा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

आई शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती इतकेच म्हणाली, "अगं, हे तर पानशेत!"

पुण्याच्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आई नऊ वर्षांची होती. शनिवारातल्या वाड्यात राहत होती. धरणाचे बांधकाम अजून पुरे व्हायचे होते, आणि त्याला धोका आहे हे धरणावरच्या माणसांना आदल्या दिवसापासून कळत होते. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते थोपवून धरले, म्हणून ते रात्री न फुटता दिवसा फुटले आणि हजारो जीव वाचले. पण खाली शहरात? आई सांगते, घरात स्वयंपाक चालला होता. कुणाला काही पत्ता नव्हता. मग सायकलवरून एक तरुण ओरडत गेला, "धरण फुटलं, पळा!" आजीने चुलीवरचे तसेच टाकले, मुलांचे हात धरले आणि पर्वतीची वाट धरली. तो तरुण कोण, कुठला, हे आजीला शेवटपर्यंत कळले नाही. तिच्या देवघरातल्या नमस्कारात मात्र त्याचा एक नमस्कार असायचा.

तीन चित्रे

माझा भाचा हैदराबादला उपग्रहांच्या चित्रांवर काम करतो. त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला. म्हटले, "तुम्ही लोक वरून एवढे बघता ना? मग हे दिसले नाही?"

"दिसले ना, मावशी," तो म्हणाला. "तेच तर."

त्याने मला इस्रोने प्रसिद्ध केलेली तीन चित्रे दाखवली. पहिले १७ सप्टेंबरचे. त्यात तळ्याचे क्षेत्र १६२.७ हेक्टर. दुसरे २८ सप्टेंबरचे, १६७.४ हेक्टर. तिसरे ४ ऑक्टोबरचे, सकाळी सहाच्या सुमाराचे. त्यात उरले होते ६०.३ हेक्टर. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश तळे नाहीसे झाले होते. चित्रे करड्या रंगाची होती. पाण्याचा डाग काळा. पहिल्या दोन चित्रांत लांबट, भरलेला डाग आणि तिसऱ्यात तो आक्रसून एका टोकाला गेलेला. कुणी पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसावे तसे.

मी विचारले, "रात्री सगळीकडे ढग होते म्हणे. मग पहाटे हे चित्र कसे निघाले?" तो हसला. मग त्याने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्याच्या भाषेतले निम्मे मला कळले नाही.

केर आणि चिखलाचा बांध

आधी असे तळे जन्माला कसे येते ते पाहू.

हिमनदी म्हणजे गोठून स्वस्थ पडलेला बर्फ नव्हे. ती वाहते, फार हळू. वाहताना डोंगर खरवडते आणि दगड, वाळू, माती पुढे व दोन्ही कडांना लोटत नेते. आपण केर काढताना केरसुणीच्या पुढे जसा ढीग जमतो तसाच. या ढिगाला हिमोढ म्हणतात. आता केर काढता काढता आपण केरसुणी मागे घेतली तर ढीग तिथेच राहतो. हवा तापू लागली, हिमनदी वितळून मागे हटू लागली की असेच होते. हिमोढ जागच्या जागी राहतो आणि तो व मागे सरलेला बर्फ यांमधल्या खळग्यात वितळलेले पाणी साठते.

पावसाळ्यात अंगणात मुले चिखलाचा बांध घालून पाणी अडवतात. त्या बांधाला जेवढी ताकद, तेवढीच या हिमोढाला. त्याला ना सिमेंट, ना सांडवा. शिवाय त्याच्या पोटात कित्येकदा जुना बर्फ असतो आणि तो आतून वितळत राहतो. वरून एखादा कडा किंवा बर्फाचा ढिगारा पाण्यात कोसळला की लाट उठते, बांधावरून उडी मारते आणि जाताना बांधच कापून नेते.

दक्षिण ल्होनाकला नेमके हेच झाले. ३ ऑक्टोबरच्या रात्री सव्वादहाच्या सुमारास तळ्याच्या उत्तरेकडचा, गोठलेल्या मातीचा, हिमोढाचा उतार तळ्यात कोसळला. सुमारे दीड कोटी घनमीटर दगडमाती. उठलेली लाट सहा-सात मजली घराएवढी उंच होती. पाच कोटी घनमीटर पाणी सुटले. या दुर्घटनेचा सविस्तर अभ्यास २०२५ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याप्रमाणे ५५ माणसे गेली, ७४ बेपत्ता झाली, आणि पुराचा मार ३८५ किलोमीटर खाली, बांगलादेशापर्यंत पोहोचला. लोंढ्याने वाटेत नदीचे काठ इतके खरवडले की वाहून आलेली माती पाण्याच्या कितीतरी पट होती.

हेरांची फिल्म आणि रडारचा डोळा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मोजणीप्रमाणे आपल्या हिमालयात ९,५७५ हिमनद्या आहेत. एके काळी हिमनदी मोजायची म्हणजे माणसाने पाठीवर शिधा घेऊन वर जायचे, बर्फात बांबू रोवायचे आणि पुढच्या वर्षी जाऊन ते कुठे सरकले ते पाहायचे. हे काम आजही चालते आणि त्याला पर्याय नाही. पण साऱ्या हिमनद्यांवर बांबू रोवायला माणसे आणायची कुठून?

उत्तर आभाळातून आले, आणि तेही आडवाटेने. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने हेरगिरीसाठी उपग्रह सोडले होते. त्यांत खरीखुरी फिल्म असायची. फिल्म संपली की ती डब्यात बंद होऊन हवाई छत्रीने खाली यायची आणि खास विमाने हवेतल्या हवेत आकडा टाकून ती झेलायची! शत्रूचे तळ टिपता टिपता त्या कॅमेऱ्यांनी हिमालयही टिपला. पुढे ही चित्रे खुली झाली. २०१९ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या आधारे हिमालयातल्या ६५० हिमनद्यांची पूर्वीची उंची काढली आणि ती नव्या मोजणीशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की १९७५ ते २००० या काळात बर्फ ज्या वेगाने घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने तो २००० नंतर घटू लागला. हेरांनी जमवलेला पुरावा शेवटी आपल्या सर्वांच्याच विरुद्ध निघाला.

१९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह गेला. तेव्हापासून पृथ्वीची चित्रे अखंड निघत आहेत, आणि २००८ पासून ती कोणालाही फुकट मिळतात. १९८८ साली आपला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए वर गेला. त्यानंतर आपल्या शास्त्रज्ञांनीही हिमालय वाचायला घेतला. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या उपग्रहचित्रांवर मोजून १९६२ च्या नकाशांशी ताडून पाहिल्या. २,०७७ चौरस किलोमीटरचे बर्फाचे क्षेत्र १,६२८ वर आले होते. म्हणजे पाचातला एक हिस्सा गेला होता. हे २००७ साली प्रसिद्ध झालेले काम. त्या वेळी हिमनद्यांची चिंता करणाराला लोक जरा विक्षिप्तच समजत.

पण साध्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही, आणि तळी फुगतात ती नेमकी पावसाळ्यात, ढगांच्या छत्रीखाली. म्हणून रडारचे उपग्रह आले. ते सूर्यप्रकाशावर विसंबून राहत नाहीत. स्वतःच लहरी पाठवतात आणि परत येणारा पडसाद टिपतात. ढग असोत, रात्र असो, त्यांना सारखेच. शांत पाण्यावरून लहरी दुसरीकडे निसटून जातात, म्हणून पाणी काळे दिसते. भाच्याने दाखवलेले काळे डाग ते हेच. एकाच जागेची दोन वेळची रडारचित्रे एकमेकांवर ठेवली तर जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी कळते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला 'निसार' हा भारत-अमेरिकेचा जोडउपग्रह याच जातीचा आहे. बारा मीटर व्यासाची त्याची जाळीदार छत्री बारा दिवसांनी त्याच जागेवर पुन्हा येते.

आणखी एक गंमत सांगते. बर्फ तोलणारा काटासुद्धा आभाळात आहे. २००२ साली 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी वर गेली. एकामागून एक, दोघांत सुमारे २२० किलोमीटरचे अंतर. खाली वजनदार काही असले की पुढचा किंचित ओढला जातो आणि अंतर बदलते. केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म असा तो फरक मोजून खालचे बर्फाचे वजन किती घटले ते काढतात. त्या जोडीचे काम २०१७ ला संपले आणि पुढच्याच वर्षी दुसरी जोडी गेली.

या सर्व डोळ्यांनी मिळून काय पाहिले? २०२४ च्या एप्रिलमध्ये इस्रोने हिशेब मांडला. आपल्या नद्यांच्या हिमालयातल्या खोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठी २,४३१ हिमतळी. त्यांतली ६७६ तळी १९८४ पासून ठळकपणे वाढलेली आणि त्यांतली ६०१ दुपटीहून अधिक. ६७६ पैकी १३० भारतात आहेत. हिमाचल प्रदेशातले घेपांग घाट हे तळे घ्या. १९८९ साली ३६.४९ हेक्टर, २०२२ साली १०१.३० हेक्टर. आपल्या मुलांची उंची आपण भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारून नोंदवतो ना, तशा या रेघा आहेत. फक्त हे मूल वाढताना पाहून आनंद व्हावा असे नाही.

सर्वांना ठाऊक असलेले तळे

आता पुन्हा भाच्याच्या त्या वाक्याकडे वळू. "दिसले ना, मावशी. तेच तर."

दक्षिण ल्होनाक हे कोणी न पाहिलेले तळे नव्हते. १९७० च्या दशकातल्या चित्रांत ते जेमतेम वीस हेक्टरांचा ठिपका आहे. पुढे दर दशकाला ते वाढत गेले. २०१३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी लिहिले की हे तळे फुटण्याचा संभव शेकडा ४२ आहे. २०१६ साली लडाखचे सोनम वांगचुक आणि सिक्कीमचे अधिकारी वर गेले आणि पाइप टाकून थोडे पाणी उपसण्याची सोय केली. २०२१ साली आणखी एक शोधनिबंध आला. त्यात हे तळे फुटले तर चुंगथांगच्या धरणापर्यंत काय होईल याचा हिशेब मांडला होता. २०२३ च्या सप्टेंबरात, म्हणजे दुर्घटनेच्या अवघे काही दिवस आधी, तळ्याच्या काठी हवामानयंत्र आणि कॅमेरा बसवला गेला. काही दिवस माहिती आली. मग यंत्राची वीज गेली आणि ते मुके झाले.

पुढे जुनी चित्रे पुन्हा काढून पाहिली तेव्हा कळले की जो उतार कोसळला तो आधी काही वर्षे हळूहळू सरकतच होता. चित्रांत ते होते. फक्त त्या वेळी ते कोणी त्या नजरेने पाहिले नव्हते.

मी मराठी शिकवते. वर्गात मुलांना सांगते की 'दिसणे', 'पाहणे', 'कळणे' आणि 'कळवणे' या चार वेगवेगळ्या क्रिया आहेत. त्यांतली एक झाली म्हणजे पुढची झालीच असे नव्हे. त्या दिवशी मला माझाच धडा नव्याने उमगला. उपग्रहाला दिसले होते. शास्त्रज्ञांनी पाहिले होते. त्यांना कळलेही होते, आणि त्यांनी लिहूनही ठेवले होते. 'कळवणे' मात्र वाटेत कुठेतरी अडकले. शोधनिबंध चुंगथांगच्या चहावाल्याला कळवत नाही.

गस्त आणि हाक

पूर्वी आपल्या गावांत जागल्या असायचा. रात्री गस्त घालणे एवढेच त्याचे काम नव्हते. काही वावगे दिसले तर हाक देऊन गाव उठवणे हे खरे काम. हाक न देणारा जागल्या आणि झोपलेला जागल्या, गावाच्या दृष्टीने सारखेच.

उपग्रह उत्तम गस्त घालतो, पण हाक देणे त्याच्या हाती नाही. तो काही दिवसांनी एकदा डोक्यावरून जातो, आणि तळे फुटल्यावर लोंढा खालच्या गावात दोन तासांत पोहोचतो. म्हणून त्याचा उपयोग वेगळा. कोणत्या तळ्यावर लक्ष ठेवायचे, कोणता उतार सरकतो आहे, कुठे धरण बांधू नये, कुठल्या काठावर शाळा काढू नये, हे तो वर्षे आधी सांगू शकतो. ऐन रात्रीची हाक मात्र जमिनीवरूनच यायला हवी. पाण्याची पातळी मोजणारे यंत्र, भोंगा, मोबाइलवरचा इशारा आणि कुठल्या वाटेने पळायचे याची गावात झालेली तालीम, या सर्वांची साखळी लागते. एक कडी तुटली की वरचे सारे फुकट.

साखळी अखंड राहिली तर काय होते? स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावाचे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या मे महिन्यात गावावरचा कडा सरकतो आहे हे मोजमापांवरून कळले. १९ मे रोजी साऱ्या गावाला, सुमारे तीनशे माणसांना, घर सोडायला सांगितले. गाई-गुरेसुद्धा हलवली. २८ मे रोजी हिमनदी आणि डोंगर मिळून खाली आले आणि जवळजवळ सारे गाव गाडले गेले. एका माणसाचा बळी गेला. बाकीचे गाव जिवंत राहिले.

कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश. खरे आहे. पण नेपाळ काही श्रीमंत नाही. एव्हरेस्टच्या कुशीत पाच हजार मीटरांवर इम्जा नावाचे तळे आहे. २०१६ साली नेपाळच्या लष्कराने तिथे चर खणून, दार बसवून पाण्याची पातळी तीन मीटरांहून अधिक उतरवली, आणि खालच्या गावांसाठी इशाऱ्याची सोय केली. त्याच मुलुखातल्या थामे गावावर १६ ऑगस्ट २०२४ रोजी लहानशा तळ्यांचे पाणी कोसळले. घरे गेली, शाळा गेली. दुपारची वेळ होती म्हणून माणसे वाचली. ती तळी इतकी लहान होती की धोक्याच्या याद्यांत त्यांचा विचारही झाला नव्हता. म्हणजे गस्तीतही फटी आहेत, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडेही जाग येते आहे. २०२४ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिक्कीम, अरुणाचल, हिमाचल आणि उत्तराखंड या चार राज्यांतल्या धोक्याच्या तळ्यांसाठी १५० कोटींची योजना मंजूर केली. मात्र त्याबरोबरच चुंगथांगला पूर्वीहून उंच धरण पुन्हा बांधायच्या हालचालीही सुरू झाल्या. वीज हवी हे मान्य. पण फुटलेल्या तळ्यात अजून पाणी आहे आणि वरचा बर्फ वितळायचा थांबलेला नाही. आधी हाक, मग धरण, असा क्रम असावा, असे माझ्यासारख्या अडाणी बाईला वाटते.

आपला काय संबंध?

पुणे-मुंबईच्या वाचकाला वाटेल, आमच्या कृष्णा-गोदावरी पावसाच्या पाण्यावर जगतात. आमचा हिमनदीशी काय संबंध? २०१३ च्या जूनमधले केदारनाथ आठवा. देवळाच्या वर चोराबारी नावाचे छोटेसे तळे होते. अतिवृष्टीने ते फुटले आणि आधीच्या पुरात सापडलेल्या गावावर कोसळले. त्या यात्रेत महाराष्ट्रातली किती घरे होती! दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत आपण त्याच दऱ्यांत जातो, नदीकाठचे हॉटेल मिळाले तर अधिक पैसे मोजतो आणि पाण्याच्या आवाजाने छान झोप लागली म्हणून घरी फोन करतो.

मीही केला होता.

गाडीवानाचा फोन सातव्या दिवशी लागला. तो सुखरूप होता. त्याच्या बहिणीचे सिंगतामचे दुकान चिखलाखाली गेले होते. बहीण मुलांना घेऊन वरच्या वस्तीत पळाली होती. मी विचारले, "तिला कळले कसे?" तो म्हणाला, "दीदी, रात्री एक पोलीस दारे ठोठावत गेला. तिने पोरांना उचलले आणि निघाली. पाच मिनिटे उशीर झाला असता तर..." पुढे तो बोलला नाही.

मी हे आईला सांगितले. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बघणारे पुष्कळ असतात गं. सायकलवरून ओरडत जाणारा लागतो."

भाच्याला मी आईचे हे वाक्य कळवले. त्याने ते आपल्या टेबलासमोर लिहून लावले आहे, असे तो म्हणतो. खरेखोटे तोच जाणे.

आल्बममध्ये चुंगथांगच्या त्या फोटोसमोरचे पान मी कोरे ठेवले होते. यंदा दिवाळीची साफसफाई करताना त्यावर ती तीन करडी चित्रे छापून चिकटवली. लेक शेजारी बसून पाहत होती. मग तिने विचारले, "आई, आपण पुन्हा सिक्कीमला जायचं?"

म्हटले, जाऊ की. तिथल्या माणसांचे पोट आपल्यासारख्या पाहुण्यांवरच चालते. फक्त या खेपेला खोली ताब्यात घेताना गरम पाणी किती वाजता येते हे विचारायच्या आधी आणखी एक गोष्ट विचारायची. नदीचे पाणी आले, तर कुठल्या वाटेने वर जायचे?